चाकाला लावलेला दगड

घाबरट म्हणून माझं घरात नाव आहे, आणि ते काही खोटं नाही. फेब्रुवारीत ओमानमध्ये अल हैलला राहणाऱ्या आमच्या मुलाने भाड्याची कॅम्पर व्हॅन घेतली आणि सगळ्यांना जबल शम्सच्या डोंगरावर नेलं. दिवसभर दरीकाठच्या पायवाटेवर माझे व्याही, निवृत्त सुभेदार, सगळ्यांच्या पुढे आणि मी सगळ्यांच्या मागे.

"प्रोफेसर, या की! दरी काय चावते का?"

सगळे हसले. मीही हसलो.

संध्याकाळी व्हॅन जरा उतरत्या जागेवर लावली. मी मुलाला विचारलं, "हँडब्रेक नीट लागलाय ना?"

"बाबा, किती वेळा विचाराल!"

पण चालून दमलेली नात आत झोपली होती, आणि उतार दरीकडेच जात होता. बाकीचे चहात गुंतल्यावर मी एक दगड उचलला आणि हळूच व्हॅनमागे गेलो. तिथे सुभेदार गुडघ्यांवर बसून चाकाखाली दगडच सारत होते.

दोघेही ओशाळलो. खरं सांगतो, त्या माणसाचे मी मनातल्या मनात किती आभार मानले!

"कुणाला बोलू नका," ते पुटपुटले. मग माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "एवढासा? प्रोफेसर, मोठा आणा."