थंडीच्या अंकात न बसलेली पानं

नको, ‘पानगळ’ नको. पानगळ दोनदा झाली आमची — एकदा ठरवून आणि एकदा विसरून. बसा ना, असे पंख्याखाली बसा. मुखपृष्ठ तुम्ही काढणार, म्हणजे विषय तुम्हाला आज द्यायलाच हवा, कळतंय मला. पण ऐन उन्हाळ्यात, खाली इस्त्रीचं दुकान, त्याची वाफ वर आणि इथे घाम पुसत थंडीच्या अंकाचा विषय शोधायचा — हे काय शहाण्या माणसाचं काम आहे? नाही. संपादकाचं आहे. दर ऋतूला एक अंक आणि दर अंकाला एक विषय, हा नियम कोणी केला? मीच. का, तर विषय नसला की लोक काहीबाही पाठवतात. विषय दिला तरी काहीबाहीच पाठवतात, फक्त शेवटच्या ओळीत तो कोंबतात. ‘एकांत’ दिला होता, तर एकवीस कथा आल्या आणि एकवीसही कथांत खिडकीशी बसलेला म्हातारा. मी त्यातल्या चार छापल्या, वर संपादकीयात लिहिलं — ‘एकांताची विविध रूपं’. लाज म्हणून नाही मला.

तर यंदा — ‘स्वयंपाकघर’ कसं वाटतं? नाही? बरं, ‘औषधांचा डबा’? हसू नका. मग ‘जुनं भांडण’ — म्हणजे थंडीत खिडक्या बंद असतात, शेजारी ऐकू जात नाही, म्हणून... ओढूनताणून आहे, मान्य. काय म्हणालात? हे सगळे विषय एकाच लेखासाठी काढल्यासारखे वाटतात? भलतेच हुशार आहात की. चित्रं काढा ना गपचूप.

आहे एक लेख. दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा. हे नियतकालिक आम्ही दोघांनी मिळून काढलं — तो मुद्रितं तपासायचा, मी मिरवायची. गेल्या वर्षी वहिनी गेली. महिनाभरानं एक दिवस दादानं सहा पानं आणून या टेबलावर ठेवली, तिच्यावर लिहिलेली. आणि मी काय केलं? लाल पेन घेतलं. विषय होता ‘हुडहुडी’, आणि सहा पानांत थंडीचा पत्ता नाही — ती ओट्याशी उभी राहून रेडिओशी कशी भांडायची, औषधांच्या डब्यावर वार कसे चुकीचे लिहायची, हेच सगळं. एका जागी तिनं शाल मागितली होती. तेवढा परिच्छेद ठेवला. खाली जागा उरली, तर ओठ फुटू नयेत म्हणून काय लावावं त्याची चौकट टाकली — हो, त्याच पानावर. दादानं अंक चाळला, ‘विषयाला धरून झालंय,’ एवढंच म्हणाला, चष्मा उचलला आणि जिना उतरला. तो परत आलेला नाही. मुद्रितं आता मीच तपासते, म्हणून तर गेल्या अंकात माझंच नाव चुकलं.

ही बघा ती पानं, परवा खण आवरताना सापडली. चौथं पान — थांबा, मीच वाचते. ‘त्या दिवसांत धाकटी रोज संध्याकाळी यायची, हिची वेणी घालून द्यायची. ती नसती तर मी उभा राहिलो नसतो.’ धाकटी म्हणजे मी. यावर ही आडवी रेघ कोणाची? माझी. आणि समासात काय लिहिलंय? ‘विषयांतर’. मला आठवतही नव्हतं हो. म्हणजे मी ते वाचलंच नव्हतं, नुसतं कापलं होतं.

म्हणून म्हटलं, असा विषय शोधावा की सहाच्या सहा पानं बसतील, एक शब्द न हलवता. अंक छापायचा, त्याच्या दारात ठेवायचा आणि पळून यायचं. — दादाला विचारलंय का? नाही. नाही विचारलं. म्हणजे तेव्हा न विचारता कापलं आणि आता न विचारता छापणार, वा. काय बाई आहे मी.

फोन? आत्ता? तुमच्यासमोर? नंबर पाठ आहे, प्रश्न तो नाही. रोज अर्धा फिरवते आणि ठेवते... बरं. बरं, लावते. वाजतोय. अजून वाजतोय. तुम्ही उठा आता, विषयाचं उद्या बघू. उठा म्हटलं ना, आणि जाताना दार ओढून घ्या —

दादा. दादा, ठेवू नकोस.