फुलं द्यायची, बोलायचं न्हाई

"डिग्री पायजे होती, ती आली की भिंतीवर. आता पोरगी बसंल घरात निवांत!"

हे माझे सासरे मोहनराव माझ्या नवऱ्याला म्हणाले, आणि मी दाराआड चहाचा ट्रे धरून उभी! तुम्हाला सांगते, चहावर साय धरली तरी हलले नाही. म्हणजे बघा, आमचं केजला खत-बियाण्यांचं दुकान, फवारणीची औषधं विकायच्या लायसनला शेतीची पदवी लागते, घरात ती कुणाकडंच नाही, मग पदवीवाली सून आणली, लायसनवर माझं नाव आलं, त्याला फ्रेम झाली, फ्रेमला हार चढला... माणूस जिवंत, आणि भिंतीवर हार! आणि बघायला आले तेव्हा काय म्हणाले होते? "पोरीला दुकानात बसवू, मालकीण करू." त्या एका वाक्यावर होकार दिला हो मी! बाकी नवऱ्यात नाकारण्यासारखं काही नव्हतं, एवढंच.

बरं, मी बोलते कमी. त्यावर सासूबाईंचं निदान ठरलेलं, "गरीब हाय बिचारी, तोंडच न्हाई तिला." तोंड आहे हो! मध्ये शिरायला फट सापडत नाही.

अशात बातमी आली, बियाण्यांच्या कंपनीचे नवे साहेब येणार, गल्लीतली दुकानं बघणार आणि तालुक्याची एजन्सी कुणातरी एकालाच देणार. झालं! आमच्याकडं साहेब म्हटलं की आधी फुलं, मग खुर्ची, मग धंदा. बुके आला... जरबेऱ्यावर चमकी, चमकीवर रिबीन, फूल शोधावं लागे. आणि ऐनवेळी सोमनाथ, म्हणजे आमचे हे, फोन कानाला लावून पांढरे पडले.

"आबा, साहेब न्हाई... बाई हाय! तेजश्री मॅडम!"

अहो, दुकानात टोळधाड आल्यासारखं झालं! आजवर इतक्या साहेबांना फुलं दिली ह्यांनी, पण बाईला द्यायची कशी? "हार तर घालताच येत न्हाई." "मग बुके द्यावा." "आन् हाताला हात लागला म्हंजे? फोटो जाईल साऱ्या ग्रुपवर!" "टेबलावर ठेवू, त्या उचलतील." "परसाद हाय का त्यो?" शेवटी ठरलं, बाईचा सत्कार बाईनंच करायचा असतो. सासूबाईंकडं बघितलं, तर त्या म्हणाल्या, "मी कावून? फोटोत माझे डोळे मिटत्यात." मग सगळे वळून माझ्याकडं बघायला लागले. लग्नाच्या स्टेजनंतर पहिल्यांदाच!

"सुकन्या, चल," सासरे म्हणाले. "फुलं द्यायची, बोलायचं न्हाई."

मॅडम आल्या. मी फुलं दिली. बोलले नाही. फोटोला मात्र सासऱ्यांचा हात, ह्यांचा हात, हमालाचा हात, सगळे हात त्या एका बुकेला... मॅडमना धरायला जागाच उरेना! हाताला हात लागायची भीती कुठं गेली कोण जाणे. मॅडमनी हसून मला विचारलं, "तुम्ही काय करता?" मी तोंड उघडलं, तोवर सासरे, "घरीच असती ती." मिटलं तोंड.

मॅडम माल बघत होत्या, तेवढ्यात मागच्या दारातून शेजारचे पंडितकाका आत डोकावले. त्यांचं दुकान तसलंच, मॅडम त्याच, आणि काकू कडा गावी लग्नाला गेलेल्या. "मोहनराव, सूनबाईला धाडा की जरा. फुलं देण्यापुरती." आणि माझे सासरे, शेजाऱ्यानं शिडी मागितली तर दोन दिवस विचार करणारे माझे सासरे, तुम्हाला सांगते, हसत म्हणाले, "न्या की! तिला दुसरं काय काम हाय?"

म्हणून मी मागच्या बोळातून, म्हशींना वळसा घालून, साडी सावरत काकांच्या दुकानात. मॅडम पुढच्या दारानं येतात, तर मी बुके घेऊन उभी! काका कानाशी, "फुलं द्यायची, बोलायचं न्हाई हां." मॅडमनी माझ्याकडं बघितलं, बुकेकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं. काही म्हणाल्या नाहीत. शिकलेल्या आहेत.

तिथून पुढं बद्रीनाथचं दुकान. त्याची बायको माहेरी, दिंद्रुडला. "वहिनी, आता आमची बारी! फुलं द्यायची..." बोलायचं न्हाई, मी मनातल्या मनात पुरं केलं. पुन्हा बोळ, पुन्हा म्हशी, एक चप्पल तिथंच राहिली. मॅडम उंबऱ्यात आल्या, आणि त्यांच्या मागं सासरे, हे, पंडितकाका, सगळी वरात! कारण आमच्याकडं साहेबाला पुढच्या दुकानापर्यंत पोचवायची रीत आहे. मॅडम थांबल्या. मी धापा टाकतेय, एक पाय अनवाणी, हातात तिसरा बुके.

"ताई, तुम्ही नक्की कुठल्या दुकानाच्या? का तिन्ही दुकानं एकाच मालकाची आहेत?"

ह्यांच्या कपाळावर घाम. कारण एकाच मालकानं तीन पाट्या लावून फसवलं असं मॅडमना वाटलं, तर एजन्सी ह्या गल्लीत राहत नाही, सरळ शेजारच्या अंबाजोगाईच्या दुकानदाराला जाते.

"मॅडम, ती... म्हंजे... घरचीच हाय," सासरे म्हणाले.

"आमच्या बी घरच्यावानीच," पंडितकाका.

"शेजारधर्म हाय मॅडम," बद्रीनाथ.

मॅडम म्हणाल्या, "मी ह्यांना विचारतेय."

आणि सगळे एकदम थांबले हो! फट सापडली. मी बुके सासऱ्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "मामा, लायसनवर नाव माझं हाय. आता फुलं तुमी द्या, बोलते मी."