धक्का मारन त्याले भाडं नाई

…नाई, मले हे शिकवूच नोका तुमी, का जुनी गाडी म्हटली का धक्का आलाच! काहून येईन? सेल्फ होता राजेहो तिले. बॅटरी होती, नवीकोरी. दोष कशात होता? अर्थिंगमधे! एका काळ्या केबलीत! अन् त्या बोटभर केबलीपाई माहं लगन... थांबा, सांगतो. बसा. तुमाले घाई असन, मले आता कायचीच घाई नाई राह्यली.

मी देवीलाल. दारव्ह्याच्या अलीकडं आमचा बंजाऱ्याइचा तांडा, अन् तांड्यात माही पिकअप. बापानं घेतलेली. बाप गेला, गाडी राह्यली. माही याडी, म्हनजे माय हो, आमच्यात मायले याडी म्हनते, ते रुक्माबाई अजूनबी म्हनते, "देवानं नेतानी चुकीचा जुना माल नेला." अन् तरी दर अवसेले त्याच गाडीच्या नाकावर नारळ फोडते.

आता गाडीची तऱ्हा ऐका. डावं इंडिकेटर देल्लं का वायपर हाले. ब्रेक दाबला का हॉर्न वाजे. अन् हॉर्न दाबला तं? काईच नाई! समोरचे लाइट नवरीसारखे खाली मान घालत, बस. अन् चाबी फिरवली का... टक्. एवढंच. टक्! मंग मांगून धक्का.

आता धक्का माराले मानसं कुठून आनता? तं माह्या बापानं, नरम दिलाचा मानूस, एक कायदा करून ठेवला: धक्का मारन त्याले भाडं नाई. झालं! बाप मेला, कायदा नाई मेला. दारव्ह्याच्या बाजाराचा दिवस आला का अर्धा तांडा गाडीच्या मांगं हात लावून उभा! लेकरू कडेवर घेतलेली बाई एक पंजा लावे. हिरासिंग काका, आमच्या तांड्याचा सगळ्यात म्हातारा अन् सगळ्यात आयतोबा, तो तं एक बोट लावे. एक बोट! अन् तोंडानं असा "हुऽऽश!" करे का जसा डोंगर उचलून राह्यला. अन् मंग समोर माह्या बाजूले, खिडकीपाशी. एकडाव त्याची बकरी होती संग. मी म्हटलं, काका, बकरीचं भाडं? तं म्हनते, "तिचं डोस्कं लागलं नं बंपरले? मंग! धक्का मारन त्याले भाडं नाई."

बकरी फुकट गेली राजेहो दारव्ह्याले. तथी इकली गेली थे, बरं झालं.

अन् ह्या सगळ्याइत पुढारी कोन? बबलू. तिशीतला पोट्टा, छाती अशी, डोस्कं असं. वावर नाई, धंदा नाई, कामाले गेला तं दुपारच्या आत झाडाखाली. त्याच्या अंगात एकच गुन, गाडी ढकलनं. माह्याच गाडीवर ढकलून ढकलून त्यानं ते छाती कमावली, ध्यानात ठेवा, पुढं कामी येईन.

माहं वय झालं चौतीस. शेती करनाऱ्याले पोरगी कोनी देत नाई हे तुमाले मालूम आहे. माही उमेद कोनावर? पिकअपवर. सोयरिकीत सांगाले, "पोराची सोताची गाडी आहे!" अन् पोरगी पाहून झाली, चहा-पोहे झाले, बाप दारात निरोप द्याले आला, का चाबी फिरवली अन्... टक्. दारव्ह्यातल्या एका बापानं मले तोंडावर म्हटलं, "ज्याची गाडी सुरू कराले चार मानसं लागते, त्याचा संसार सुरू कराले किती लागतीन?" सगळे हासले. सगळ्याइत जास्त कोन हासलं? बबलू. गाडी ढकलता ढकलता हासला. त्यानं गाडी आनखी हळू चाले.

शेवटी गेलो दारव्ह्याच्या नयनपाशी. गाड्याइची वायरिंग करते तो. तोंडात कायम खर्रा, सुपारी-तंबाखूचा, त्यानं बोलनं सगळं तोंड वर करून. बोनेट उघडलं, वाकला, अन् वर मान करून म्हनते, "अर्हिंग." म्हटलं काय? थुकून आला. "अर्थिंग गेली भाऊ. इंजन बसलेलं असते रबरावर, अन् रबरातून करंट जात नाई. बॅटरीतून करंट सेल्फले जाते, पन वापस याले त्याले रस्ताच नाई. मंग तो भटकते. इंडिकेटरमधून, हॉर्नमधून, अक्सिलेटरच्या तारेतून."

अक्सिलेटरच्या तारेतून! म्हनून माहा पाय भाजे! मी दोन उन्हाळे सब्जा पेलो राजेहो, का आंगात गरमी आहे म्हनून!

अन् अर्थिंगचा बोल्ट सडला कायनं? सांगू? नयननं बोट ठेवून दाखवलं, बंपरच्या मांगं, बरोब्बर तथी, जथी याडी नारळ फोडे. वर्सानुवर्सं नारळाचं पानी! देवाले गेलंच नाई, सगळं त्या बोल्टानं पेलं. बोल्ट नव्हताच तो, गंजाचा गोळा होता.

नयननं केबल काढली, घासलं, पयले तारेच्या ब्रशनं, मंग कागदानं, पांढरं लोखंड दिसेपरेंत. म्हनते, "मधात रंग नाई पायजे, गंज नाई पायजे. लोखंडाले लोखंड भेटलं पायजे." जाड नवी केबल, इंजनपासून चेसिसले एक, बॅटरीपासून बॉडीले एक, तेरा नंबर पान्यानं कसून नट, वरून ग्रीस. अन् म्हनते, मारा चाबी. मारली... धर्र्रर! एका दमात! डोयात पानी आलं माह्या, खरं सांगतो. बापाच्या मयतीले नव्हतं आलं एवढं.

अन् माहं चुकलं कुठं? पुढच्या बाजाराले मी गाडी तांड्यात आनली, चाबी मारली, धर्र्र, अन् म्हटलं, बसा. आता भाडं द्या.

सगळे असे पाहाले लागले माह्याकडं! जसं मी कोनाच्या तेरवीत लाडू मोजाले लागलो. मंग सुरू झाले. "वारे वा, देवीलाल! एवढी वर्सं छातीवर घेतली आमी तुही गाडी!" "तुह्या बापानं असं केलं नसतं." "हिरासिंग काकाचं बोट पाहा, वाकडं झालं ढकलून ढकलून!" ते बोट लाहानपनापासून वाकडं आहे! भवऱ्याच्या दोरीत गेलतं! पन आयकते कोन? अन् बबलू? तो नुस्ता बोनेटकडं पाहे. तवाच समजाले पायजे होतं मले.

मंग आलं बोरी अरबच्या बाजूच्या तांड्यातलं स्थळ. प्रेमसिंगची पोरगी, रंजिता. पोरगी पाहाले जातानी चार मोठी मानसं लागते, अन् तांड्यात रिकामे तेच चौघं. हिरासिंग काका, बबलू, अन् आनखी दोघं. गेलो. रस्ताभर सेल्फ मारत गेलो राजेहो, गरज नसतानी! चहाले थांबलो, बंद केली, धर्र्र, सुरू. लघवीले थांबलो, धर्र्र, सुरू.

पोरगी आली पोह्याइची प्लेट घेऊन. सांगून टाकतो, आवडली मले. लय आवडली. तिनं इचारलं, "गाडी तुमची सोताची?" म्हटलं हो. "सेल्फ लागते?" इचारलं राजेहो तिनं! घरी ट्रॅक्टर तेच चालवे, तिले समजे सारं. म्हटलं, "एका चाबीत." तं हासली. अशी, पदराआडून नाई, सरळ. माह्याकडं पाहून कोनी पोरगी हासली अन् मले वाईट नाई वाटलं, असं पयल्यांदाच घडत होतं.

अन् बबलू उठला. म्हनते, जरा बाहीर जाऊन येतो. करंगळी दाखवली. गेला. बऱ्याच वेळानं आला. मी म्हटलं, पानी जास्त पेला असन.

निरोप घेतला. प्रेमसिंग दारात, रंजिता खिडकीत, आजूबाजूची सारी मानसं अंगनात. मी असा आयटीत बसलो, खिडकीत पाह्यलं, अन् चाबी मारली.

टक्.

दुसऱ्यांदा मारली. टक्. मले तं वाटलं, ते अख्ख्या जिल्ह्याले आयकू गेलं. अन् आरशात पाहातो तं काय? चौघंबी मांगं उभे! मी काई बोलाच्या आत! हात लावून! अन् बबलूनं शर्ट काढला. शर्ट काहून काढते बे? अन् बाकीच्याइले म्हनते, "सरका, मी एकटा पुरतो." अन् एकट्यानं ढकलली गाडी! सगळे तोंडात बोट घालून पाहे. अरे उतार होता तो! प्रेमसिंगच्या अंगनातून रस्त्यापरेंत सरळ उतार आहे! बकरीनं ढुसी देल्ली असती तरी गेली असती! अन् आमच्याच गाडीवर कमावलेली ते छाती, घामानं चमके, अन् खिडकीत रंजिता... जाऊ द्या.

दोन दिवसानं प्रेमसिंगचा फोन. याडीनं उचलला. "पोरगा पसंत आहे आमाले!" याडीनं तथीच साखरेचा डबा काढला, साऱ्या तांड्याले वाटली. हिरासिंग काकानं दोनदा घेतली. मंग याडीनं इचारलं, तारीख कवाची धरता? तं प्रेमसिंग म्हनते, "पयले त्या पोराच्या घरच्याइचा नंबर द्या. तो धक्का मारनारा! लय कष्टाळू दिसला."

याडीनं मले नाई सांगितलं काई. माह्या हातातली साखर वापस घेतली, तवा समजलं मले.

मी बोनेट उघडलं. इंजनाच्या केबलीचा नट पार ढिल्ला, नुस्ता लोंबे. बबलूच्या घरी गेलो, तं खाटेवर तेरा नंबरचा पाना. म्हटलं, हे काय बे? म्हनते, "सापडला भाऊ. रस्त्यात." अन् वरून, फोन तं त्याच्या घरी पोचलाच होता, "लगनाले गाडी तुहीच लागन हं. पन एक आहे..." म्हटलं काय? "ऐन वेळेवर बंद पडली, तं आमीच ढकलू नं! अन् धक्का मारन त्याले भाडं नाई."

आता तुमीच सांगा, मानूस किती सहन करन? मी म्हटलं, ठीक आहे लेका. तुह्याच लगनात, तुह्याच सासऱ्यासमोर, शेरवानीवर ढकलाले लावतो तुले. अन् लगनाच्या दिवशी, तिकडं मांडवात मंगलाष्टकं अन् इकडं मी बोनेटखाली. ढिल्ला नाई केला मी नट. पुरा काढला! खिशात टाकला! पाना देल्ला इहिरीत फेकून! काय गार वाटलं राजेहो. जेवनात दोन वाट्या बुंदी जास्त खाल्ली.

मंग पाठवनी. आमच्यात पोरगी सासरी निंघतानी मायबापाच्या गयात पडून सुरात रडते, ढावलो म्हनते त्याले. रंजितानं असा ढावलो लावला का डीजेवाला पोट्टाबी रडाले लागला. चढले सगळे गाडीत. नवरदेव समोर, नवरी मधात, मांगं अख्खी वरात कोंबलेली. मी चाबी फिरवली.

टक्.

मनात म्हटलं, उतर बबल्या! काढ शेरवानी! पन बबलू हालतच नाई. उलट म्हनते, "मी कसा उतरू भिया? आंगाले हळद आहे. नवरदेव कुठी गाडी ढकलते काय?" मांगं पाह्यलं तं हिरासिंग काका डोस्क्यावर फेटा घालून पाय पसरून बसलेला. "आज आमी वऱ्हाडी आहो, देवीलाल. आज आमी मानाचे." मी प्रेमसिंगकडं पाह्यलं. तं तो मानूस भडकला नं! "मी? बाप असून मी पोरीची गाडी ढकलू? पोरीले घरातून धक्का मारून काढलं म्हनतीन लोक! अपशकून!"

नट होता माह्या खिशात. तुमी म्हनान, लावून टाकाचा होता. कसा लावू? शंभर मानसाइसमोर बोनेट उघडून सोताच्या खिशातून नट काढू? तथीच पुरलं असतं मले, मांडवाच्या खड्ड्यात! अन् पाना इहिरीत.

म्हटलं मी ढकलतो, पन स्टेअरिंगवर कोन? तं रंजितानं डोये पुसले, ढावलो अर्धा सोडला, अन् सरकली माह्या जागी. अन् काय म्हनते मले? "जोर लाव, भिया. मी सांगन तवा सोड." भिया! म्हनजे भाऊ! एका चाबीत हासली होती माह्याकडं थे पोरगी.

अन् ह्या डाव उतार नाई बरं! मांडवापाई गाडी मांगच्या बाजूले लावलेली. सपाट. भांडे धुतल्याचं पानी तथी सोडलेलं. काळी माती. मी ढकलून राह्यलो, चिखल गुडघ्यापरेंत, अन् मांगं बसलेल्याइपैकी एकबी लेकाचा उतरे नाई. वरून, "अजून, देवीलाल! छातीनं, छातीनं! हात नोको लावू, छाती लाव!" मले शिकवते! हिरासिंग काकानं वाकून एक बोट लावलं मांगच्या फाळक्याले. आतून! गाडीत बसून आतून!

अन् रंजितानं क्लच सोडला. गाडीनं असा हिसका खाल्ला, धर्र्र, अन् मी तोंडावर पडलो, नवीन पांढऱ्या कुडत्यासंग, चिखलात, भातासंग, बुंदीसंग. मांगून सारा मांडव हासला. रडनारेबी हासले. गाडी चालली. म्हटलं, थांबा! तं रंजिता खिडकीतून वरडली, "थांबली का बंद पडन! पळ, भिया!"

पळालो. माह्या गाडीमांगं मी पळालो. खिशात नट वाजे, खुळखुळ खुळखुळ. तांड्याबाहीर निंघता निंघता फाळक्याले हात पुरला माहा, तं मांगून हिरासिंग काकानं मनगट धरलं, वर वढलं, चिखल झटकला, अन् सरकून कोपऱ्यात जागा करून देल्ली, अन् एवढ्या मायेनं म्हनते राजेहो, का मले खरंच रडू आलं:

"बस भिया, लाजू नोको. धक्का मारला नं तू? मंग तुले भाडं नाई."