भिंतीवरची पोर

माझं माहेर मिरजेकडचं, पन सगळा जलम गेला हितंच, मद्रासात. बापाला पेरांबूरला रेल्वेच्या कारखान्यात काम लागलं तवा मी परकरी पोर, आनि हितं आल्यावर गालावर चट्टा उठला. महारोग. आता तुमी लिवताय तर लिवा, पन नाव बदला हां माझं. आई ऊर बडवून रडली, बाप म्हनला रडून काय व्हतंय, आनि धर्मादाय दवाखान्यात घातलं मला. बरी झाले, खडखडीत बरी. ज्यानं लगीन केलं त्याला समदं ठावं व्हतं, देवमानूस, गेला बिचारा. मग त्याच दवाखान्याच्या स्वैपाकघरात कामाला लागले, पन मी कोन ते तिथं कुनालाच ठावं न्हाई. सांगितलं असतं तर माझ्या हातचा चहा पिला असता का कुनी? तुमीच सांगा.

तर काय सांगू तुम्हाला, माझ्या पोरीचं लगीन जमत आलं व्हतं. वेस्ट मांबलमची मानसं, आपलीच, मराठी, पोरगा मोटारीच्या कंपनीत. सुपारी फुटायची तेवढी राहिली व्हती. आनि मला मेलीला हौस, आमच्या दवाखान्याच्या जुन्या कागदांचं, फोटूंचं प्रदर्शन हाय, या की वहिनी बघायला, असं मीच इहीनबाईंना आवतन दिलं.

आदल्या दिवशी हॉलमधी चहा घेऊन गेले तर समोर भिंतीवर मी! त्या वक्ताला देनगीवाल्यांना धाडायला पोरांचे फोटू काढायचे, त्यातला, ह्यो एवढा मोठा केलेला. गालावर चट्टा, हात पुढं धरलेले, आनि हनुवटीवर गोंदन. हितल्या पोरींच्या हनुवटीवर कुठं असतंय गोंदन? माझ्याच हाय, हे बघा. इहीनबाई वळखनारच.

जुनी कागदं सांभाळनारी मॅडम तमिळ, पन मायाळू. पदर हनुवटीवर धरून म्हनलं, मॅडम, ह्यो फोटू काढा. का वो अक्का, म्हनली. म्हनलं, बरा दिसत न्हाई. ती म्हनली, सगळ्यात बरा ह्योच हाय, पेशंटनं न्हाईतर घरच्यांनी नको म्हनलं तरच काढायचा, उगा कुनीबी सांगितलं म्हनून न्हाई. आता आली का पंचाईत! गप बसावं तर पोरीचं मोडतंय, बोलावं तर माझी चूल जातीया. तिनं पेला उचलला, घोट घेतला, आनि मी पदर सोडला. म्हनलं, मॅडम, ती मी.

तिनं फोटूकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग पेल्याकडं बघितलं. मग चहा समदा पिली, खुर्ची वढली, आनि सोता चढून फोटू उतरवला.

दुसऱ्या दिवशी इहीनबाई आल्या. दुसऱ्याच एका पोरीच्या फोटूपाशी थांबल्या आनि म्हनतात कशा, अगं बाई, अशांशी लगीन तरी कोन करत असंल! अस्सा राग आला मला, अस्सा राग आला! पन माझी पोरगी शेजारी उभी, तिला समदं ठावं, तिनं माझं मनगट घट्ट धरलं. मी म्हनलं, करत असंल कोनीतरी, चहा घ्या वहिनी, निवतोय. पिल्या की. आनि आनखी मागितला.

आता पोरीचं लगीन झालं, नातू झाला, देव तिला असंच सुखात ठेवो. फोटू कपाटात हाय, मॅडमनं पाकिटात घालून ठेवलाय. तिला म्हनलंय, मी जिती हाय तवर न्हाई, मी मेल्यावर मातुर लावा, मोठा करून लावा. आनि नातवाला हात धरून न्या, म्हनावं, बघ, ही तुझी आजी, हितं बरी झाली.