सड्यावर फुरसे नाही म्हणणाऱ्याविरुद्ध

जबाब

नाव : यमुनाबाई केरू शितप, वय ५८ वर्षे, धंदा : मजुरी, रा. जयगडजवळ, ता. जि. रत्नागिरी.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, वरील ठिकाणी मी सून मनस्वी हिच्यासह राहते. मुलगा अनिल मुंबईला नोकरीस आहे. गावातील अजिंक्य रावजी बाईत यांनी गावावरच्या कातळी माळावर, सड्यावर, पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आहेत. तेथील जुना गडगा, म्हणजे सुट्या जांभ्या दगडांचा बांध, मोडून नवा रचण्याचे काम आम्हा बायकांकडे होते.

काल सकाळी मनस्वीने दगड उचलला, त्याखाली फुरसे होते. फुरसे अंगावर अंग घासते तेव्हा कानशीने कोयता घासल्यासारखा आवाज होतो. तो मी ऐकला, पण ओरडेपर्यंत ते तिच्या बोटाला चावले. आमच्यात मारलेले फुरसे फेकत नाहीत, गडग्यावर ठेवतात, म्हणजे मागून येणारा जपून हात घालतो. त्याप्रमाणे मी ते मारून वर ठेवले.

पाहुणे यायची वेळ झाली होती. अजिंक्यने मोबाइलमधला फोटो दाखवला व म्हणाला, "आजी, हा मांजऱ्या आहे. दिसतो तसाच, पण विषारी नसतो. फुरशी तिकडे मंडणगडच्या बाजूला. आपल्या सड्यावर नाहीत."

मी म्हटले, "फुरसा हाय ता! डोक्यावरचा बाण दिसत नाय तुला? गाडी काढ आधी."

त्याने फुरसे काठीने उचलून झाडीत फेकले. गाडी पाहुण्यांना आणायला जाणार होती. मनस्वीला काजूखाली बसवून "सूज आली तर बघू" म्हणाला. सूज कोपरापर्यंत चढली, हिरड्यांतून रक्त आले. तेव्हा मी रस्त्यात आडवी उभी राहून टेम्पो थांबवला. शहाणपण शिकवायला हा पुढे, गाडी काढायला मात्र मागे.

रुग्णालयात अजिंक्य मागाहून वडील रावजी यांना घेऊन आला आणि डॉक्टरांनाही मांजऱ्याच सांगू लागला. डॉक्टरांनी मनस्वीचे रक्त काचेच्या नळीत ठेवले होते, ते गोठले नव्हते. डॉक्टर म्हणाले, फुरसे व घोणस एकाच कुळातली, त्यांच्या विषाने रक्ताचे असे होते, मांजऱ्याने होत नाही. लस सुरू केली आहे. मनस्वी अजून धोक्याबाहेर नाही.

तरीही अजिंक्य हवालदारसाहेबांना सांगतो की, सड्यावर फुरसे नाहीच, तिला घरीच चावले असणार. म्हणजे माझी सून चावलेला हात घेऊन दगड उचलायला आली होती काय? मला याचा फार संताप आहे. गडगा अजून अर्धा मोडायचा आहे. उद्या त्याने दुसऱ्या बायका बोलावल्या आहेत आणि त्यांनाही फुरसे नाही असेच सांगितले आहे. ते काम थांबवावे.

रुग्णालयात मी रावजींना म्हटले, "भावजी, तुमी तरी खरा बोला." त्यांनी मान खाली घातली आणि उजवा हात खिशात घातला. त्या हाताची करंगळी अर्धी आहे. तरणेपणी याच सड्यावर गवत कापताना त्यांना फुरसे चावले होते, आणि हे अजिंक्यला लहानपणापासून माहीत आहे. रावजींना येथे बोलवावे आणि तो हात खिशातून बाहेर काढायला सांगावे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तेवढेच आहे, कमी नाही की जास्त नाही. म्हणून अंगठा देत आहे.