कंबरेचं माप

(शिंप्याचं दुकान. बालवर्गावर शिकवणारी त्याची बायको शाळेतून परस्पर इथंच आली आहे.)

शिंपी: पण डॉक्टरीणबाईंना न विचारता वजनाचं इंजेक्शन बंद कसं करतेस?

बाई: विचारायचं काय त्यात? थंडीपासून दर शनिवारी टोचून घेतेय. मळमळ सोसली, तुमच्यासोबत रोज चालले. आणि हा ड्रेस बघा, कंबरेत जसाच्या तसा.

शिंपी: काट्यावर उभी राहून बघ मग.

बाई: काटा डॉक्टरीणबाईंनीच माळ्यावर टाकायला लावला. आकडा बघितला की मी तोंड पाडून बसते आणि मग बिस्किटांचा डबा जवळ करते, हे त्यांनी पहिल्याच भेटीत ओळखलं. म्हणाल्या, कपडेच सांगतील. कपडे तर मूग गिळून बसलेत.

शिंपी: शेजारीण म्हणत होती, तुझा चेहरा उतरलाय.

बाई: तिला माझा चेहरा कायमच उतरलेला दिसतो. अहो, मी पोरांना शिकवते, राग आला की आधी म्हणा, मला राग आलाय. आता स्वतःही म्हणते. परवा शाळेत मोठ्या बाई मला सगळ्यांसमोर बोलल्या, तर डब्याकडे गेले नाही. इथं येऊन तुमची बटणं निवडत बसले.

शिंपी: काळ्यात निळी घातलीस. मागाहून मी परत निवडली.

बाई: तेव्हा बोलला नाहीत ते?

शिंपी: तू शांत झाली होतीस ना.

बाई: मग एवढं करून फरक का नाही? आणि मशीन का थांबवलंत?

शिंपी: रागावू नकोस. तो ड्रेस मी कंबरेत शिवून आत घेतलाय.

बाई: कधी?

शिंपी: तू शाळेत असताना. दोनदा. कोटही.

बाई: आणि मला सांगितलं नाहीत.

शिंपी: सवय गं. इतकी वर्षं तुझं अंग भरत गेलं, तशी मी आतली शिवण सोडत गेलो. तुला कपडा काचू नये, मनाला लागू नये. आता सैल दिसला की हात आपसूक सुई शोधतो.

बाई: म्हणजे जाड झाले तेही कळू दिलं नाहीत, बारीक झाले तेही नाही.

शिंपी: खरं सांगू? आईच्या शेवटच्या दिवसांत तिचे कपडे असेच खांद्यावरून ओघळायचे. तुझा कोट तसा लोंबताना मला बघवेना.

बाई: इकडे बघा माझ्याकडे. मी आजारी नाही. भूक लागली की जेवते, राग आला म्हणून खात सुटत नाही. एवढंच बदललंय.

शिंपी: आणि इंजेक्शन?

बाई: घेते. मळमळीचं डॉक्टरीणबाईंना विचारीन. त्यांनी सांगितल्याशिवाय थांबवणार नाही.

शिंपी: मग ड्रेस उसवून पुन्हा सैल करून देऊ?

बाई: नको. टेप घ्या आणि माप काढा.

शिंपी: तुझं माप मला नुसत्या नजरेनं...

बाई: नजरेनं नको. टेपनं घ्या. आणि आकडा मोठ्यानं सांगा.