डोकं हलवायचं नाही

नॅटली : अंकल, मान परत तिकडे गेली. असं नका ना करू. डोक्यावरची ही चुंबकाची कॉइल जराशी जरी सरकली ना, तर सगळे टोले भलत्याच जागी पडतात.

चंदर : बायको तिथे कोपऱ्यात बसलीय. ती बोलते, म्हणून मान वळते.

नॅटली : आंटी, मग तुम्ही यांच्यासमोरच बसा. हां, अशा. अंकल, कानातले बोळे घट्ट आहेत?

चंदर : आहेत. पण हिचा आवाज त्यातूनही येतो.

मथुरा : वेसाव्याच्या मासळी बाजारात जन्म गेला, पोरी. हळू बोलून सुरमई खपत नाही. मला एक सांग, दुखतो यांचा हात, आणि तू टोले डोक्याला का देतेस?

नॅटली : हाड केव्हाच जुळलंय, आंटी. पण डोक्यातला जो भाग हात सांभाळतो ना, त्याला अजून वाटतं की हात आत्ताच मोडलाय. तो सारखा अलार्म वाजवत बसतो. म्हणून नुसती चादर लागली तरी आग आग. हे चुंबक त्याला बाहेरूनच टकटक करतं, शांत हो म्हणून. सुई नाही, कापाकापी नाही.

मथुरा : म्हणजे दोन वर्षं झाली तरी डोकं काही विसरलं नाही.

नॅटली : करेक्ट.

मथुरा : नाहीच विसरत ते.

नॅटली : पण अंकलना फरक पडतोय, हां. सगळ्यांनाच पडतो असं नाही. हे संपलं की डॉक्टर घरी छोटं मशीन देणार. हाताला पट्ट्या चिकटवायच्या आणि रोज हलका करंट द्यायचा. ते मी तुम्हाला शिकवीन. आता मी काचेपलीकडे बसते. टकटक मध्येमध्ये थांबेल, तेव्हा बोललात तर चालेल. पण अंकल, डोकं हलवायचं नाही.

(मशीनची टकटक. मग शांतता. पुढचं बोलणं अशाच मधल्या शांततांमध्ये.)

मथुरा : आता तुला उठून जाता येणार नाही ना?

चंदर : काय?

मथुरा : डोकं हलवायचं नाही म्हणाली ती. म्हणजे आज माझं सगळं ऐकून घ्यावं लागेल. एरवी मी तोंड उघडलं की तू चपला शोधतोस.

चंदर : दवाखान्यात नको, मथुरा.

मथुरा : मग कुठे? घरी? घरी तर तुझा हात बरा होऊन येणार.

चंदर : बरा होऊ नये असं वाटतं का तुला?

मथुरा : हो. वाटतं.

चंदर : शरम नाही वाटत असं बोलायला?

मथुरा : वाटते ना. एकवीरा आईला तुझ्या हातासाठी नवस बोलले, आणि गडाच्या पायऱ्या उतरताना म्हटलं, आई, घाई नको करूस गं.

चंदर : मला भरवलंस, आंघोळ घातलीस. वारा लागला तरी मी ओरडायचो, म्हणून अख्खा मे महिना पंखा बंद ठेवलास. ते सगळं नाटक होतं?

मथुरा : नाटक कसलं? तू रडायचास तेव्हा माझाही जीव तुटायचा. पण खरं सांगू? लग्न झाल्यापासून तेवढीच दोन वर्षं मी सुखाने झोपले. घामाने भिजून, पण सुखाने.

चंदर : या दोन वर्षांत तुझ्यावर हात उचलला का मी? एकदा तरी? सांग ना.

मथुरा : उचलता कुठे येत होता?

चंदर : मी बदललोय गं.

मथुरा : तुला दुखत होतं. बदललास की नाही, ते अजून कुणाला ठाऊक!

चंदर : आणि मोडला तोही तुझ्यामुळेच. तू खाली वाकली नसतीस तर…

मथुरा : तर माझा गाल सुजला असता, नेहमीसारखा. आयुष्यात एकदाच वाकले, आणि तुझा हात जाऊन दाराच्या चौकटीवर आपटला. त्याचाही दोष माझ्याच माथी! माझा गुन्हा तरी काय होता? अनंतभाऊजींनी विचारलं बोट का गेली नाही, मी खरं ते सांगितलं. नाखवा दारू पिऊन पडलाय म्हटलं.

चंदर : धाकट्या भावासमोर इज्जत घालवलीस माझी.

मथुरा : बघ. अजून झोंबतंय.

चंदर : मग काय हवंय तुला? एकदाचं बोलून टाक.

मथुरा : एकच गोष्ट. बोटीवर घसरलो, असं तू सगळ्यांना सांगतोस. तुझ्या मागून मीही तेच सांगते. आज एकदा तुझ्या तोंडाने खरं सांग. या पोरीला सांग. हळू सांग, पण सांग. मग ते घरचं मशीन मी रोज लावीन. कुरकुर न करता लावीन.

चंदर : परक्या पोरीला कशाला?

मथुरा : घरातल्यांना भिंतीपलीकडून सगळं ऐकू आलंय. त्यांना काय सांगायचं?

चंदर : मथुरा…

मथुरा : सांगशील?

चंदर : सांगतो.

मथुरा : नक्की?

चंदर : सांगतो म्हटलं ना! एकवीरा आईची शप्पथ.

नॅटली : झालं, अंकल! मान मोकळी करा. आज एकदम स्टेडी बसलात, झकास. हां, एक विचारायचं होतं. घरचं मशीन देण्याआधी डॉक्टरांना नीट माहिती हवीय. तुमचा हात नेमका कसा मोडला होता?

मथुरा : सांगा ना. विचारतेय ती.

चंदर : बोटीवर. फळी ओली होती. पाय सटकला.

नॅटली : ओके. ओल्या फळीवरून पडलात.

मथुरा : फार ओली होती, पोरी.

नॅटली : बरं, आता हात पुढे करा. सावकाश, घाई नाही. बोटं दुमडा. अजून. आता अंगठा वरून घ्या… ओ माय गॉड, अंकल! मूठ वळली! पहिल्यांदा वळली! आंटी, बघितलंत का? अहो आंटी, मागे कुठे चाललात? भिंत आहे तिथे.

चंदर : अगं मथुरा, मी नुसती वळवून दाखवली.

मथुरा : कळलं मला. पाय आपले आपणच मागे गेले.

नॅटली : आनंदाने होतं असं कधीकधी. बसा तुम्ही, पाणी प्या. हे बघा, हेच ते घरचं मशीन. या पट्ट्या हाताला लावायच्या, आणि करंट वाढवायला हे चाक…

मथुरा : वाढवायचं नंतर शिकव, पोरी. आधी बंद कुठून करतात ते दाखव.